मागे राहिलेल्या वस्तू : चंद्र, मंगळ आणि त्याही पलीकडे

मागोवा

१९८२च्या मार्चमध्ये व्हेनेरा १४ हे सोव्हिएत यान शुक्रावर उतरलं. उतरल्यावर कॅमेऱ्यांवरची झाकणं उडवून टाकायची, मग एक दांडा खाली टेकवून जमीन किती दबते ते मोजायचं, अशी आखणी होती. झाकण उडालं आणि नेमकं दांडा टेकणार होता तिथेच जाऊन पडलं. शुक्राच्या मातीऐवजी मोजमाप झालं ते पृथ्वीवर घडवलेल्या झाकणाचं. साधारण तासाभरात उष्णतेने यान मेलं. ते झाकण अजून तिथेच असणार, साडेचारशेहून जास्त अंश तापमानात.

अशा वस्तूंबद्दल हा धागा आहे. माणसाने बनवल्या, पृथ्वीबाहेर गेल्या आणि परत आल्या नाहीत अशा वस्तू. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रहांचा कचरा कृपया इथे नको, तो विषय एवढा मोठा आहे की बाकी सगळं त्यात बुडून जाईल. चंद्र, ग्रह, लघुग्रह, धूमकेतू आणि सूर्यमालेबाहेरची वाट, एवढ्यावर बोलू.

पहिला मान लूना २ चा. सप्टेंबर १९५९ मध्ये ते सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने चंद्रावर आदळलं. त्यात धातूच्या छोट्या पंचकोनी पट्ट्या जोडून केलेले गोळे होते, पट्ट्यांवर सोव्हिएत राजचिन्ह. दुसऱ्या जगाला लागलेली आपली पहिली वस्तूच काहीतरी लिहून घेऊन गेली, आणि तेव्हापासून तशी रीतच पडली. अपोलो ११ ने नाण्याएवढी सिलिकॉनची चकती ठेवली, तीवर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश सूक्ष्म अक्षरांत कोरलेले आहेत. त्यात इंदिरा गांधींचाही आहे. ज्या छोट्या पिशवीत ती चकती होती, तिच्यातच सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन आणि व्लादिमिर कोमारोव्ह यांची पदकं होती आणि अपोलो १ च्या आगीत गेलेल्या तिघांच्या मोहिमेचं कापडी बोधचिन्ह. ही पिशवी ठेवायची राहूनच चालली होती. ऑल्ड्रिन शिडी चढत असताना आर्मस्ट्राँगने आठवण केली आणि ऑल्ड्रिनने ती वरूनच खाली टाकली.

मला ती पिशवी त्या चकतीवरच्या मजकुरापेक्षा जास्त बोलकी वाटते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकी माणसं दोन सोव्हिएत माणसांची पदकं चंद्रावर घेऊन गेली, आणि ती घाईघाईत टाकली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या. आपण मुद्दाम लिहून ठेवलेल्या वस्तू सांगतात की आपल्याला कसं दिसायला आवडेल. सहज मागे राहिलेल्या वस्तू सांगतात की आपण प्रत्यक्षात काम कसं करतो. माझा जीव दुसऱ्या प्रकारात जास्त आहे, आणि माझं म्हणणं असं की जपायच्या झाल्या तर या दुसऱ्या प्रकारच्या वस्तू आधी जपायला हव्यात, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तुम्हाला कोणती वस्तू महत्त्वाची वाटते? आणि या जागा राखून ठेवाव्यात का?

रेगोलिथ

सर्व्हेयर ३. माझं मत ठाम आहे.

एप्रिल १९६७ मध्ये हे अमेरिकी यान चंद्रावर उतरलं. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, अपोलो १२ त्याच्यापासून दोनशे मीटरच्या आत उतरलं, आणि कॉनरॅड आणि बीन चालत त्याच्यापर्यंत गेले. माणसाने दुसऱ्या जगावर पाठवलेल्या यंत्राला माणसाने तिथे जाऊन हात लावला, असं आजवर एवढं एकदाच घडलंय. त्यांनी कॅमेरा, नळीचा तुकडा, माती उकरायचं खोरं असं काही काही कापून परत आणलं. तो कॅमेरा आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

परत आणलेले भाग तपासल्यावर कळलं की अपोलो १२ च्या उतरण्याने उडालेल्या धुळीने सर्व्हेयरला अक्षरशः ओरबाडलं होतं. ज्या बाजूला धुळीचा मारा बसला तिथला पृष्ठभाग उजळला होता, आणि जिथे एखाद्या भागाची आड होती तिथे त्याच आकाराची गडद सावली उरली होती. चंद्रावर हवा नाही. इंजिनाच्या झोताने उडालेला कण थांबत नाही, सरळ रेषेत प्रचंड वेगाने जातो. तेव्हा "राखून ठेवाव्यात का" या प्रश्नाला एक अगदी व्यावहारिक बाजू आहे. कुणी वाईट हेतूने जायची गरजच नाही. शेजारी नुसतं उतरलं तरी नासधूस होते.

रोकठोक

धागा वाचनीय आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो.

चंद्रावर मलमूत्राच्या, उलट्यांच्या पिशव्या आहेत. नेहमी दिला जाणारा आकडा ९६ आहे. मंगळावर यानं, हवाई छत्र्या, उष्णतारोधक कवचं, कोसळलेले अवशेष धरून सुमारे सात टन सामान साठलंय. पर्सिव्हिअरन्स या नासाच्या मंगळगाडीला स्वतःच्याच उतरण्याच्या सामानातला चकाकणारा पातळ पत्रा दगडाच्या खाचेत अडकलेला सापडला. ४ मार्च २०२२ रोजी एक रिकामा रॉकेटचा टप्पा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आदळला आणि तिथे जोडविवर झालं. आधी तो अमेरिकी कंपनीचा टप्पा म्हणून जाहीर झाला, मग चिनी चांग'अ ५-टी१ मोहिमेचा असल्याचं निष्पन्न झालं, आणि चीनने तेही नाकारलं. ज्या वस्तूची जबाबदारीच कुणी घेत नाही तिला वारसा कसं म्हणायचं? डोंगरावर टाकलेली बाटली पन्नास वर्षांनी वारसा होत नाही.

मागोवा, तुम्ही म्हणता सहज राहिलेल्या वस्तू आधी जपा. मग ही सगळी घाण जपायची का?

मागोवा

रोकठोक, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पिशव्या तिथे का राहिल्या ते बघा. चंद्रावरून निघताना वरच्या कुपीचं इंजिन ठरावीक वजनच उचलू शकत होतं. खडक आणायचे तर तेवढं वजन कुठून तरी कमी करायला हवं. अपोलो ११ ने साडेएकवीस किलो खडक-माती आणली. बदल्यात पाठीवरच्या श्वसनयंत्रणा, वरून घालायचे बूट, कॅमेरे, कचरा, सगळं दारातून बाहेर. त्या श्वसनयंत्रणा खाली पडल्याचा हादरा नुकत्याच मांडलेल्या भूकंपमापकाने टिपला. चंद्रावर मोजल्या गेलेल्या पहिल्या हादऱ्यांत माणसाने टाकलेल्या सामानाचा हादरा आहे.

म्हणजे त्या ढिगाचा प्रत्येक तुकडा एका निर्णयाची नोंद आहे: हे ठेवलं म्हणून ते आणता आलं. पुरातत्त्वात नाहीतरी राजवाड्यापेक्षा उकिरड्यातून माणसाचं रोजचं जगणं जास्त कळतं. आणि त्या पिशव्यांना शास्त्रीय मोलही आहे. पन्नासहून जास्त वर्षं प्रारण, निर्वात आणि टोकाचं ऊन-थंडी सोसून त्यातल्या सूक्ष्मजीवांचं काय झालं, हे तपासण्याची सूचना काही वैज्ञानिकांनी केलेली आहे. तसा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटला तर पन्नास वर्षं थांबावं लागेल. तो इथे आयता झालेला आहे.

बेवारस रॉकेटच्या टप्प्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

सांजवेळ

व्हॉयेजरचं नाव अजून कुणीच काढलं नाही?

१९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. ५५ भाषांमधल्या अभिवादनांत मराठीही आहे. संगीतात बाख आणि बेथोव्हेनच्या बरोबरीने केसरबाई केरकरांची भैरवी, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकांनी तिची शिफारस केली होती. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. उतारवयात त्यांनी गाणं थांबवलं होतं, ध्वनिमुद्रणाबद्दल तर त्या फार काटेकोर होत्या, आणि त्यांच्या मोजक्या मुद्रणांपैकी एक आता कुठल्याही मानवी आवाजापेक्षा दूर आहे.

मागोवांच्या विभागणीप्रमाणे ही मुद्दाम ठेवलेली वस्तू. तरी मला तिच्यात दिखावा दिसत नाही. तिच्यावर राष्ट्रप्रमुखांच्या संदेशाबरोबरच पावसाला, बेडकांच्या ओरडण्याला, बाळाच्या रडण्याला जागा दिली आहे. तबकडी बनवणाऱ्यांनी मधल्या मोकळ्या जागेत हाताने एक ओळ कोरली, सर्व जगांतल्या, सर्व काळांतल्या संगीत घडवणाऱ्यांसाठी. आपण आपल्या राजकारणाने ओळखले जाऊ नये, भैरवीने ओळखले जावं, असं कुणाला तरी वाटलं आणि त्यांनी ते तडीस नेलं. मला हे प्रामाणिक वाटतं.

कुतूहल

सांजवेळताई, छान प्रतिसाद. मी महाविद्यालयात शिकतो, दोन शंका आहेत. ती तबकडी किती वर्षं टिकेल? आणि समजा कुणाला सापडलीच, तर ती किती जुनी आहे हे त्यांना कसं कळणार?

अवकाशवेडी

कुतूहल, दुसरी शंका आधी घेते, कारण तिचं उत्तर तबकडीच्या आवरणावरच आहे. ॲल्युमिनियमच्या आवरणावर अतिशुद्ध युरेनियम-२३८ चा पातळ थर दिला आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षं. थरात किती युरेनियम उरलं आणि किती विघटन होऊन दुसरी मूलद्रव्यं झाली हे मोजलं की यान कधी निघालं ते काढता येतं. हे घड्याळ चालवायला वीज लागत नाही, भाषा लागत नाही. शेजारी १४ स्पंदताऱ्यांच्या साहाय्याने सूर्याचा पत्ता कोरला आहे, तोच नकाशा आधी पायोनियर १० आणि ११ या यानांच्या पाट्यांवर होता.

टिकण्याबद्दल: ताऱ्यांमधल्या अवकाशात धूळ इतकी विरळ आहे की तबकडी अब्ज वर्षं शाबूत राहावी असा अंदाज आहे. यान मात्र तेवढं जगणार नाही. त्याला वीज पुरवणाऱ्या प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य जेमतेम ८८ वर्षं, वीज दरवर्षी सुमारे चार वॉटने घटते, आणि एकेक उपकरण बंद करत अभियंते दिवस काढताहेत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून व्हॉयेजर १ निरर्थक आकडे पाठवू लागलं. स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी तिच्यातला संगणकीय कार्यक्रम तुकडे करून इतर मोकळ्या कोपऱ्यांत हलवला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. तेव्हा एक आज्ञा पोचायला साडेबावीस तास लागत, उत्तर यायला तेवढेच.

साधारण ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर १ ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. "जवळून" म्हणावं असं ते अंतर नाही. तेव्हा सापडण्याची शक्यता नगण्यच आहे, आणि बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं.

आता मागोवांसाठी. आपण नेहमी पायोनियर १०, ११, व्हॉयेजर १, २ आणि न्यू होरायझन्स अशी पाच यानं सूर्यमाला सोडताहेत असं म्हणतो. पण न्यू होरायझन्सला शेवटचा धक्का देणारा घन इंधनाचा टप्पाही त्याच वाटेवर आहे. त्याच्यावर पाटी नाही, तबकडी नाही, त्याच्याशी कुणी बोलत नाही. धातूचं रिकामं नळकांडं, आणि तेसुद्धा कधीच परत येणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्रकाराचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

मागोवा

अवकाशवेडी, त्या टप्प्याबद्दल लिहिलंत याचा फार आनंद झाला. आणि गंमत बघा, न्यू होरायझन्सवर स्वतः प्लुटोचा शोध लावणाऱ्या क्लाइड टॉम्बॉ यांच्या थोड्या अस्थी आहेत. म्हणजे एकाच उड्डाणातून एक माणूस आणि एक रिकामं नळकांडं, दोघंही सूर्याला कायमचं सोडून निघालेत.

तिसरी शिडी

वाचतोय. भर घालतो, विशेषतः हरवून सापडलेल्या वस्तूंची. मला हा भाग सगळ्यात जवळचा आहे.

बीगल २ हे ब्रिटिश यान २००३ च्या नाताळात मंगळावर उतरायचं होतं. संदेश आलाच नाही. कोसळलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि मोहीम उभी करणाऱ्या कॉलिन पिलिंजर यांनी त्यावरून पुष्कळ टीका सोसली. २०१५ च्या जानेवारीत मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाच्या चित्रांत ते दिसलं. धड उतरलेलं. सौरपट्ट्यांच्या पाकळ्या एकापाठोपाठ उघडायच्या होत्या, त्यातल्या काही उघडल्या पण सगळ्या नाहीत, आणि त्या सगळ्या उघडल्याशिवाय खालचा अँटेना मोकळा होत नव्हता. यान पोचलं होतं, फक्त तोंड झाकलेलं राहिलं. पिलिंजर मे २०१४ मध्ये गेले. हे कळायला आठ महिने कमी पडले. मला ही गोष्ट वाचताना अजूनही हळहळ वाटते.

फिले या यानाचंही तसंच. नोव्हेंबर २०१४ मध्ये ६७पी धूमकेतूवर ते उतरलं, उसळलं आणि कड्याच्या सावलीत जाऊन पडलं. ऊन नाही म्हणून वीज नाही, तीन दिवसांत झोपलं. त्याला घेऊन गेलेल्या रोझेटा यानाने २ सप्टेंबर २०१६ ला त्याचा फोटो काढला तेव्हा रोझेटाची मोहीम संपायला महिनाही उरला नव्हता. ३० तारखेला रोझेटालाही त्याच धूमकेतूवर उतरवलं गेलं.

चांद्रयान १ पण हरवलेलंच. ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटला. अमेरिकेतल्या जमिनीवरच्या रडारने ते शोधून काढल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं, चंद्राभोवती फिरत होतं. दीड मीटरचा ठोकळा, पावणेचार लाख किलोमीटरवरून. त्याने १४ नोव्हेंबर २००८ रोजी सोडलेला, बाजूंवर तिरंगा असलेला आघातक मात्र दक्षिण ध्रुवाजवळ कधीच आदळून गेला होता.

आणि चांद्रयान २ चा विक्रम. सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळला. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी नासाची आधीची आणि नंतरची खुली चित्रं घरी बसून ताडून पाहिली, एका ठिपक्याबद्दल कळवलं, आणि डिसेंबरमध्ये नासाने तो अवशेषच असल्याचं जाहीर करून श्रेय त्यांना दिलं.

रेगोलिथ

तिसरी शिडी, तुमच्या यादीत लुनोखोद १ हवंच!

१९७० मध्ये चंद्रावर उतरलेली ही सोव्हिएत गाडी पुढच्या वर्षी गप्प झाली. तिच्यावर फ्रान्समध्ये बनवलेला लेसर परावर्तक होता, पण गाडी नेमकी कुठे आहे हे माहीत नसल्याने कुणाला तो सापडेना. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ या यानाच्या चित्रांतून जागा कळली आणि एप्रिल २०१० मध्ये टॉम मर्फी यांच्या चमूने न्यू मेक्सिकोतून लेसर सोडला. जवळजवळ चाळीस वर्षांनी परावर्तन आलं, आणि तेही जुळ्या लुनोखोद २ च्या परावर्तकापेक्षा कितीतरी उजळ.

अपोलो ११, १४, १५ आणि दोन्ही लुनोखोद, असे हे पाच परावर्तक. त्यांना वीज लागत नाही, ते फक्त आलेला प्रकाश आल्या दिशेने परत धाडतात. त्यांच्यामुळेच चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातोय हे आपण इतकं नेमकं सांगू शकतो, आणि गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांच्या कसोट्याही त्यांच्यावर लागतात. चांद्रयान ३ च्या विक्रमवर नासाचा पाच सेंटिमीटरचा छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी एलआरओने त्याच्यावर लेसर टाकला आणि उत्तर मिळालं. विक्रम तेव्हा तीन महिन्यांहून जास्त काळ झोपलेला होता. ज्या वस्तू "मागे सोडल्या" म्हणतो, त्यातल्या काही अजून कामावर आहेत. रोकठोक यांनी याचाही विचार करावा.

(लुनोखोद २ ला खासगी मालक आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात रिचर्ड गॅरियट यांनी ते ६८,५०० डॉलरला घेतलं, चंद्रावर आहे तसं.)

रोकठोक

विचार केला. परावर्तकांबद्दल वाद नाहीच, ती उपकरणं आहेत.

माझा आक्षेप आता नेमका सांगतो. जे काम करायला गेलं आणि तिथे राहिलं, ते राहू द्या. पण निव्वळ ठेवण्यासाठी नेलेल्या वस्तूंचं प्रमाण वाढतंय. शूमेकर या चंद्रभूगर्भतज्ज्ञांच्या अस्थी ल्यूनर प्रॉस्पेक्टर यानाबरोबर ३१ जुलै १९९९ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ गेल्या. माणूस थोर होता, चंद्रावर जायची त्यांची इच्छा प्रकृतीमुळे अपुरी राहिली होती. तरी अमेरिकेतल्या मूळनिवासी नव्हाहो लोकांनी तेव्हाच सांगितलं की आमच्यासाठी चंद्र पवित्र आहे, तिथे मृतांचे अवशेष नेऊ नका. नासाने दिलगिरी व्यक्त केली. २०२४ च्या जानेवारीत पेरेग्रीन हे खासगी यान पैसे घेऊन अनेकांच्या अस्थी नेत होतं, आणि नव्हाहोंना तीच हरकत पुन्हा घ्यावी लागली. ते यान बिघडलं आणि पृथ्वीच्या वातावरणात जळालं, पण प्रश्न तसाच आहे. २०१९ मध्ये कोसळलेल्या इस्रायली बेरेशीट यानात टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्म जीव होते, आणि त्याची वाच्यता कोसळल्यानंतर झाली.

याउलट गॅलिलिओ यानाला २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी यानाला २०१७ मध्ये शनीत मुद्दाम नष्ट केलं, त्यांच्या युरोपा किंवा एन्सेलाडस या चंद्रांवर पृथ्वीचे जंतू जाऊ नयेत म्हणून. वस्तू न ठेवण्याचा तो निर्णय मला कुठल्याही पाटीपेक्षा मोठा वाटतो. चंद्र सगळ्यांचा आहे, तर तिथे काय ठेवायचं हे ज्याच्याकडे रॉकेट आहे त्याने एकट्याने ठरवू नये.

सांजवेळ

रोकठोक, कॅसिनीबद्दल शंभर टक्के सहमत. नव्हाहोंचा मुद्दा इथे मांडलात हे फार बरं केलंत.

अभिलेख

कायद्याची बाजू थोडक्यात. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने दोन गोष्टी ठरवल्या. कुठलाही देश चंद्रावर किंवा ग्रहांवर मालकी सांगू शकत नाही. पण पाठवलेल्या वस्तूवर पाठवणाऱ्या देशाचा हक्क कायम राहतो. यातून विचित्र पेच येतो: अपोलो ११ चं उतरलेलं यान अमेरिकेचं, त्याखालची माती आणि भोवतीच्या पाऊलखुणा कुणाच्याच नाहीत. पाऊलखूण ही वस्तू नव्हे, म्हणून तिला संरक्षणच नाही.

नासाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. अपोलो ११ पासून ७५ मीटर आणि अपोलो १७ पासून २२५ मीटरच्या आत जाऊ नये, उतरणाऱ्या यानांनी दोन किलोमीटर दूर राहावं, वगैरे. वर रेगोलिथ यांनी सर्व्हेयरचं जे सांगितलं तो अनुभव यामागे आहे. २०२० च्या शेवटी अमेरिकेने या सूचना आपल्या परवानाधारकांना लागू करणारा कायदा केला. इतर देशांवर तो बंधनकारक नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारनाम्यात अवकाश-वारसा जपण्याचं कलम आहे, भारताने त्यावर जून २०२३ मध्ये सही केली, पण रशिया आणि चीन त्यात नाहीत. म्हणजे लुनोखोद आणि चांग'अ यांच्या जागांना यातून आपोआप काही मिळत नाही. २०२५ च्या जानेवारीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत चंद्र घातला. त्याला कायद्याचं बळ नाही, तरी लक्ष वेधलं गेलं.

माझ्या मते पहिली गरज नोंदवहीची आहे. काय, कुठे, कुणाचं, कोणत्या अवस्थेत. ती नसली की काय होतं बघा. २००२ मध्ये पृथ्वीभोवती फिरणारा नवा "लघुग्रह" सापडला, तो अपोलो १२ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा निघाला, वर्णपटात पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम ऑक्साइड दिसलं म्हणून कळलं. २०२० मध्ये सापडलेला दुसरा, १९६६ च्या सर्व्हेयर २ चा रॉकेट टप्पा. २०२५ च्या जानेवारीत तर २०१८ सीएन४१ असा क्रमांक देऊन लघुग्रहांच्या यादीत नोंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी काढावी लागली. ती फाल्कन हेवी रॉकेटने २०१८ मध्ये सोडलेली टेस्ला मोटार होती.

मागोवा

अभिलेख, नोंदवहीच्या मुद्द्याला एक जोड. काय आहे याच्याइतकंच काय नाही हेही नोंदवलं पाहिजे.

अपोलो १५ ने १९७१ मध्ये साडेआठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची मानवाकृती ठेवली, शेजारी अंतराळप्रवासासाठी प्राण गेलेल्या १४ जणांच्या नावांची पाटी, अमेरिकी आणि सोव्हिएत दोन्ही. तिच्यावर व्हॅलेंतिन बोंदारेन्को यांचं नाव नाही. १९६१ मध्ये सरावाच्या कक्षात आग लागून ते गेले, आणि सोव्हिएत सरकारने ते १९८६ पर्यंत दडवलं. रॉबर्ट लॉरेन्स यांचंही नाही. लष्करी अंतराळ कार्यक्रमासाठी निवडलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी, १९६७ मध्ये विमान अपघातात गेले, पण तेव्हा त्यांची गणना अंतराळवीरांत होत नव्हती. ठेवणाऱ्यांचा हेतू निखळ होता. तरी त्या पाटीवर त्या काळाची गुपितं आणि आंधळेपण दोन्ही उतरलं. म्हणून पाटी आहे तशीच राहिली पाहिजे, आणि वगळलेली नावं आपल्या नोंदीत आली पाहिजेत.

याच्या अगदी उलट अपोलो १६ चे अंतराळवीर चार्ल्स ड्यूक यांचा कुटुंबाचा फोटो. एप्रिल १९७२, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, मागे घरच्यांच्या सह्या. उन्हाने त्यावरचे चेहरे बहुधा केव्हाच उडाले असतील. त्यांनी ठेवलेल्या जागी त्याचा फोटो काढला होता, तोच काय तो आपल्याकडे आहे.

अवकाशवेडी

मंगळावरच्या दोन बारीक वस्तू राहिल्या, त्या नोंदवते. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांच्या खडक घासायच्या उपकरणावर केबलचं रक्षण करणारं जे ॲल्युमिनियम आहे, ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यातून घेतलेलं. उपकरण बनवणारी कंपनी तिथून जवळच होती. कारागिरांनी फारसा गाजावाजा न करता ते बसवलं. आणि इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखाली राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या कापडाचा इवला तुकडा आहे. ७२ उड्डाणं झाली, १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणात पाती मोडली, आता ते जेझेरो विवरात उभं आहे.

पर्सिव्हिअरन्सने जमिनीवर ठेवलेल्या दहा नमुनानळ्याही विसरू नका. त्या मागे सोडलेल्या नाहीत, कुणीतरी न्यायला येईल म्हणून मांडून ठेवलेल्या आहेत. त्या परत आणायच्या योजनेचं आर्थिक गणित काही केल्या बसत नाहीये. आणल्या नाहीत तर फार वाईट वाटेल.

कुतूहल

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप शिकायला मिळालं. शेवटची शंका: यातलं काही आपल्याला दुर्बिणीतून दिसू शकतं का? माझ्याकडे सहा इंची आहे.

रेगोलिथ

नाही रे. हबललाही चंद्रावर शंभरेक मीटरपेक्षा फारसं लहान काही वेगळं दिसत नाही, आणि अपोलोचं खाली राहिलेलं यान पाय धरून नऊ-दहा मीटर. सहा इंचीतून तू जागा बघू शकतोस, वस्तू नाही. शांतिसागराच्या नैर्ऋत्य भागात अपोलो ११ ची जागा शोध, नकाशा हाताशी ठेव, पहिल्या अष्टमीच्या आधी एक-दोन दिवस प्रकाश तिरपा असतो.

वस्तू बघायच्या तर एलआरओची चित्रं उघड. ती सर्वांना फुकट आहेत आणि ठळक भागात एक ठिपका साधारण अर्ध्या मीटरचा. चांद्रयान २ च्या परिभ्रमकाचा कॅमेरा त्याहून बारीक, २५ सेंटिमीटरपर्यंत पाहतो, त्यानेही अपोलो ११ ची जागा टिपली आहे. सुरुवात अपोलो १७ पासून कर, तिथे गाडीच्या चाकांच्या समांतर रेषा सरळ दिसतात. मग अपोलो १२ आणि सर्व्हेयर ३ एकाच चौकटीत बघ. त्यानंतर चांद्रयान २ च्या विक्रमच्या अवशेषांची आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून तो ठिपका स्वतः शोधून बघ, कुठे आहे हे आधी न वाचता. सापडला की इथे लिही.